झिरो आला, म्हणजे काय आलं?

यवत इथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन



मी पुण्यात एका तपासणी केंद्रात मॅमोग्राफीचं मशीन चालवते. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. बायकांना मशीनसमोर उभं करून फोटो काढायचं काम माझं, ते फोटो वाचायचं काम रेडिओलॉजिस्टचं. त्यामुळे आज मी कुणाच्या आजाराचं निदान करणार नाही आणि औषधही सांगणार नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर आपल्या घरांमध्ये त्याचं काय होतं, त्यावर मला बोलायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी 'स्तन' हा शब्द वापरणार आहे. आपल्या घरात छाती म्हणतात, सीना म्हणतात, आणि बऱ्याचदा काहीच म्हणत नाहीत, नुसता हात लावून 'इथं' म्हणतात. 'इथं दुखतंय' एवढं ऐकून डॉक्टर बिचारा हृदयाचा कार्डिओग्राम काढायला सांगतो. मागच्या रांगेतली मुलं हसतायत, दिसतंय मला. हसून घ्या. पुढचं बरंचसं तुमच्यासाठीच आहे.

तुमच्यासाठी का, तर रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि घरात इंग्रजी वाचणारे तुम्ही असता. दुसरं म्हणजे, नोंदणीच्या फॉर्मवर अम्मी स्वतःचा नंबर लिहीत नाही. तुमचा लिहिते, नाहीतर अब्बांचा. मग केंद्रातून फोन येतो, 'पेशंटला परत पाठवा, अजून दोन फोटो काढायचेत.' तो फोन तुम्हाला येतो, तुम्ही गाडीवर असता, कॉलेजात असता, 'हो हो, सांगतो' म्हणता. संध्याकाळपर्यंत विसरून जाता. मी हे फोन केलेले आहेत. पलीकडून 'हो हो' ऐकलेलं आहे.

आता मुद्द्यावर येते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये शेवटी 'इम्प्रेशन' नावाचा भाग असतो. तिथे लिहिलेलं असतं 'बाय-रॅड्स' आणि पुढे एक आकडा. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ही पद्धत ठरवली, आपल्याकडचे डॉक्टरही तीच वापरतात. आकडे 0 ते 6. यातला 1 म्हणजे काही सापडलं नाही. 2 म्हणजे काहीतरी दिसलं, पण ते निरुपद्रवी आहे. 3 म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोग असण्याची शक्यता 2 टक्क्यांपेक्षा कमी, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. 4 आणि 5 म्हणजे तुकडा काढून तपासायचा. 6 म्हणजे निदान आधीच झालेलं आहे.

आणि 0?

माझ्या ओळखीतल्या एका खालाला झिरो आला होता. घरी सगळ्यांना विचारलं तर एकच उत्तर, 'कुछ नई निकल्या, झिरो आया, अल्ला का शुकर.' शेजारी पेढेसुद्धा वाटले. रिपोर्टचं पाकीट रेशनकार्ड आणि घराच्या उताऱ्याबरोबर पेटीत गेलं. आठ महिन्यांनी आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली, तेव्हा पेटी उघडली. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की स्तन दाट आहेत, चित्र अपुरं आहे, सोनोमॅमोग्राफी करून घ्यावी. तपासणी करणाऱ्यांपैकी कुणीही तिला हे तोंडी सांगितलं नव्हतं. खाला आज आहे, चांगली आहे, पण ऑपरेशन, किमो आणि शेक असं तिन्ही झालं. आठ महिने आधी काय दिसलं असतं हे आता कुणीच सांगू शकत नाही.

शाळेत आपण शिकलो शून्य म्हणजे काही नाही. साखरेचा, थायरॉइडचा रिपोर्ट बघायची सवय अशी की आकडा कमी तेवढं बरं. त्यामुळे झिरो वाचून आनंद होणं साहजिक आहे. पण बाय-रॅड्सचा झिरो म्हणजे 'तपासणी अजून पुरी झालेली नाही'. परीक्षेच्या निकालात 'राखून ठेवला' असं येतं ना, तसं. पासही नाही, नापासही नाही. कॉलेजने निकाल राखून ठेवला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभे राहता. आईचा निकाल राखून ठेवला तर पेटीत ठेवता.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर घरी जाऊन तुम्ही सगळ्यांना घाबरवाल. झिरो म्हणजे कर्करोगही नव्हे. अमेरिकेत नियमित तपासणीला आलेल्या 100 बायकांपैकी साधारण 10 जणींना जादा फोटोंसाठी परत बोलावतात, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या बिनघोर घरी जातात. पाण्याची गाठ निघते, नाहीतर घडी पडल्यामुळे सावली आलेली असते. मी स्वतः असे कितीतरी फोटो पुन्हा काढले आहेत, जिथं नीट दाबून धरल्यावर ती 'गाठ' नाहीशीच झाली.

मग चित्र अस्पष्ट का येतं? स्तनात दोन प्रकारचा ऊतक असतो. एक चरबी, ती एक्स-रेमध्ये काळपट दिसते. दुसरा दूधग्रंथींचा आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंचा, तो पांढरा दिसतो. आणि गाठही पांढरीच दिसते. तुमच्यापैकी ज्यांनी धान्य निवडलंय त्यांना लगेच कळेल. मसुरीत पांढरा खडा पडला तर नजर टाकताच सापडतो. तांदळात तोच खडा दाताखाली आल्यावर कळतो. ज्या स्तनात ग्रंथी आणि तंतू जास्त, त्याला दाट म्हणतात. रिपोर्टमध्ये 'डेन्स' हा शब्द असतो, किंवा ए, बी, सी, डी असं अक्षर असतं. सी आणि डी म्हणजे दाट.

दाट असणं हा आजार नव्हे. अमेरिकेत चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायकांचे स्तन या सी किंवा डी गटात येतात. तरुणपणी ते दाट असतात, वय वाढलं, पाळी गेली की साधारणपणे कमी होत जातात. हाताला कडक लागतात म्हणजे दाट, असं काही नाही. आकारावरूनही कळत नाही. ते फक्त फोटोत दिसतं. म्हणून ज्या बाईने कधी मॅमोग्राफी केली नाही तिला आपले स्तन दाट आहेत की नाहीत हे माहीत असण्याचा काही मार्गच नाही. दाटपणामुळे दोन गोष्टी होतात. गाठ लपते, ही पहिली. आणि कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो, ही दुसरी. आपल्या देशात पाश्चात्त्य देशांच्या मानाने स्तनाचा कर्करोग सरासरी दहा-एक वर्षं आधीच्या वयात दिसतो, म्हणजे नेमका स्तन अजून दाट असण्याच्या वयात. 2024 च्या जूनमध्ये हिना खानने स्वतःहून आपला आजार जाहीर केला, तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. तुमच्या फोनवर ती बातमी आली होती. अम्मीला दाखवलीत का?

परत बोलावल्यावर काय करतात तेही सांगते, कारण भीती जास्त त्याचीच असते. आधी जुने फोटो मागतात. दोन वर्षांपूर्वीही तीच सावली तिथंच, तेवढीच असेल तर कधीकधी प्रश्न तिथंच मिटतो. म्हणून जुन्या फिल्म टाकू नका. एका घरात ग्रहण बघायला पोरांनी फिल्म कापलेली मी पाहिली आहे. डोळ्यांसाठीही ते वाईटच. मग जिथं शंका आहे तेवढाच भाग छोट्या पट्टीने दाबून जवळचा फोटो घेतात. काही ठिकाणी थ्रीडी मशीन असतं, ते पातळ पातळ थरांत फोटो घेतं, पाव कापून आत बघावं तसं. आणि सोनोग्राफी. पोटाची करतात तीच, जेल लावून. तिच्यात एक्स-रे नसतो, दुखत नाही, आणि पाण्याची गाठ की भरीव गाठ हे ती लगेच सांगते. दाट स्तनात तिचा खरा उपयोग आहे.

जपानमध्ये याचा मोठा अभ्यास झाला. चाळिशीतल्या सुमारे 73 हजार बायका, निम्म्यांना नुसती मॅमोग्राफी, निम्म्यांना मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. 2016 मध्ये निकाल आला. नुसत्या मॅमोग्राफीने 100 पैकी 77 कर्करोग पकडले, दोन्ही मिळून 91. पण त्यांनी हेही लपवलं नाही की सोनोग्राफी जोडल्यावर निष्कारण परत बोलावल्या गेलेल्या बायकाही वाढल्या. जास्त बघाल तर जास्त दिसेल, आणि दिसलेलं सगळंच वाईट नसतं. हा व्यवहार समजून घ्यावा लागतो.

एमआरआयचंही तसंच. नेदरलँड्समध्ये अति दाट स्तन असलेल्या आणि मॅमोग्राफी स्वच्छ आलेल्या 40 हजारांवर बायकांचा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. ज्यांना एमआरआय देऊ केला त्यांच्यात दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उपटणारे कर्करोग हजारी 2.5, ज्यांना नाही दिला त्यांच्यात हजारी 5. बरोबर निम्मे. मात्र एमआरआय झालेल्या हजार जणींपैकी सुमारे 80 जणींना पहिल्या फेरीत विनाकारण धास्ती सोसावी लागली. शिवाय एमआरआय महाग, शिरेतून औषध द्यावं लागतं, बोगद्यात पालथं पडून राहावं लागतं. ज्यांच्या घरात आई-बहिणीला हा आजार झालाय, किंवा जनुकातच दोष सापडलाय, त्यांच्यासाठी डॉक्टर तो आवर्जून सांगतात. बाकी दाट स्तनाच्या प्रत्येक बाईने, फोटोत काही शंका नसतानाही, सोनोग्राफी किंवा एमआरआय करावाच का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेच्या सरकारी सल्लागार समितीनेही 2024 मध्ये पुरावा अपुरा आहे असंच म्हटलं.

इथं नीट ऐका, कारण दोन गोष्टींची गल्लत होते. स्तन दाट पण फोटो स्वच्छ, तिथं पुढे काय हा डॉक्टरशी बोलून ठरवायचा प्रश्न. फोटोच अस्पष्ट, झिरो आलेला, तिथं ठरवायचं काही उरत नाही. तपासणी पुरी करायची. आणि तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राफी म्हणते काही नाही, तर हातावर विश्वास ठेवा. हाताची तपासणी, फोटो आणि सुई या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत डॉक्टर स्वतः प्रकरण बंद करत नाहीत, तर आपण का करायचं?

अमेरिकेत नॅन्सी कॅपेलो नावाची बाई होती. दरवर्षी मॅमोग्राफी करायची, दरवर्षी 'नॉर्मल' यायचं. 2004 मध्ये तिला पुढच्या टप्प्याचा कर्करोग निघाला. नॉर्मल मॅमोग्राफीनंतर काही आठवड्यांतच, डॉक्टरांच्या हाताला लागल्यावर सोनोग्राफीत दिसला. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपले स्तन दाट आहेत आणि हे डॉक्टरांच्या कागदांवर होतं, फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने पाठपुरावा केला, 2009 मध्ये तिच्या कनेक्टिकट राज्यात कायदा झाला, मग एकेक करून इतर राज्यांत. 2018 मध्ये ती गेली. 10 सप्टेंबर 2024 पासून अख्ख्या अमेरिकेत नियम लागू झाला की प्रत्येक बाईला तिचे स्तन दाट आहेत की नाहीत हे साध्या भाषेत लेखी कळवायचं. आपल्याकडे असा कायदा नाही. इंग्रजी रिपोर्ट पाकिटात घालून दिला की संपलं. साध्या भाषेत सांगायचं काम, सध्या तरी, घरातल्या शिकलेल्या पोरापोरींवर आलेलं आहे.

कुणी म्हणेल, यवतमध्ये कोण मॅमोग्राफी करतं? बरोबर आहे. गावाकडच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघतो, मॅमोग्राफीसाठी उरुळी कांचन, लोणी, हडपसर करत पुणंच गाठावं लागतं. एक दिवस मोडतो, रोजंदारी बुडते, सोबतीला कुणीतरी लागतं. म्हणूनच मला परत बोलावण्याचा फोन करताना वाईट वाटतं. त्या बाईचा पुन्हा एक दिवस जाणार हे मला माहीत असतं. सरकारी कार्यक्रमातही सरसकट मॅमोग्राफी नाही. 30 वर्षांवरच्या बायकांची आरोग्य सेविकेने हाताने तपासणी करायची, असं धोरण आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखं काही येतं का, आकार बदललाय का, असे प्रश्न असतात. आपल्या गल्लीत त्या प्रश्नांना उंबऱ्यावरूनच 'नाही नाही' असं उत्तर मिळतं, कारण ओट्यावर सासरा बसलेला असतो. ताईला आत बोलवा, चहा द्या, मग विचारू द्या.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, डॉ. इंद्रनील मित्रा त्याचे प्रमुख. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या बायका, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. 20 वर्षांनी हिशेब मांडला, तर ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी छापलं. दहावी शिकलेल्या! इथं बसलेल्या कितीजणी त्यापेक्षा जास्त शिकल्यात, हात वर करा. बघा.

आता आपल्या घरातले अडथळे. पडदा हा मला वाटतं तेवढा मोठा नाही. मॅमोग्राफीच्या खोलीत बहुतेक ठिकाणी बाईच असते, नसेल तर आधी फोन करून विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सोनोग्राफीला कधी पुरुष डॉक्टर असतात. इलाजाच्या गरजेपुढे ते चालतं, असं आलिमही सांगतात. गळ्यातला तावीज, साखळी फोटोत येते म्हणून काढायला लावतो, त्याचा राग मानू नका. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवा, फोटो झाला की लगेच घाला. त्या दिवशी पावडर किंवा डिओ लावून येऊ नका, त्याचे कण फोटोत खऱ्या आजाराच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि उगीच पुन्हा यावं लागतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात आलं तर दाबताना कमी दुखतं.

रमजानमध्ये सगळं ईदनंतरवर जातं, ईदनंतर लग्नं असतात, मग पोरांच्या शाळा. साधी सोनोग्राफी रोजा ठेवूनही होते, तिला खाणंपिणं लागत नाही.

सुईची भीती मोठी. 'गाठीला लोखंड लावलं की ती पसरते' हे मी सुशिक्षित घरातही ऐकते. बायोप्सीत जागा बधिर करून सुईने भाताच्या शितासारखे दोन-चार बारीक तुकडे घेतात आणि त्यांवरून कळतं की इलाज लागणार आहे की नाही. सुईनंतर काही महिन्यांनी बाई गेली अशी उदाहरणं लोक देतात. ती बाई सुईने गेलेली नसते, सुईपर्यंत उशिरा पोचलेली असते.

पैशाचं खोटं सांगणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, शेक बसतं, पण तिचा भर दाखल झाल्यावरच्या उपचारांवर आहे. निदानाआधीची सोनोग्राफी बहुतेकदा खिशातूनच जाते. खासगीत परवडत नसेल तर ससूनला चौकशी करा, पुणे स्टेशनवर उतरलं की चालत जाता येतं. मला राग याचाच येतो की आजार मोठा झाल्यावर लाखांची सोय आहे, आणि तो मोठा होऊ नये म्हणून लागणाऱ्या थोड्याशा पैशांसाठी बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसते. जमातीच्या, मोहल्ल्याच्या फंडातून आपण मय्यतीचा खर्च उचलतो. त्याच पेटीतून एका सोनोग्राफीचे पैसे द्यायला काय हरकत आहे, हे जरा तिथल्या बुजुर्गांना विचारा. मी विचारलं तर 'ही पुण्याहून आली आणि शिकवायला लागली' म्हणतील.

रिपोर्ट आणायला गेलात तर काउंटरवरून पाकीट घेऊन लगेच निघू नका. तिथंच उघडा. आकडा कोणता, अक्षर कोणतं, आणि शेवटच्या ओळीत अजून काही करायला सांगितलंय का, हे वाचा. 'करिलेट' किंवा 'सजेस्टेड' असे शब्द असतील तर त्यांच्यापुढे काम लिहिलेलं असतं. कळलं नाही तर तिथल्या माणसाला विचारा, 'पुन्हा कधी यायचं?' तारीख मागा. आणि फॉर्मवर अम्मीचा स्वतःचा नंबर लिहा, तुमचा दुसरा.

मी आता आतल्या खोलीत बसते. मुलींना, बायकांना काही विचारायचं असेल तर तिथं या, दार लावता येतं. मुलांनी प्रश्न इथंच विचारले तरी चालतील. आणि ज्यांच्या घरी जुना रिपोर्ट आहे त्यांनी आत्ता फोन करून त्याचा फोटो मागवून घ्या. कागदाचे चारही कोपरे दिसू द्या म्हणावं, लोक नेमकी खालची ओळ कापतात.